थांबा, मशीन सुरू करतो

फिटरकाकांशी बोलायचं तर आधी विषय मंजूर करून घ्यावा लागे.

तुम्ही त्यांच्या ओट्यापाशी गेलात की ते तळहात पुढे करून तुम्हाला थांबवत आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "काम काय हाय?" मग तुम्ही हातवारे करून काय ते सांगायचं. विषय पसंत पडला तर म्हणत, "थांबा, मशीन सुरू करतो." नाही पडला तर खिशावर हात ठेवून म्हणत, "आता नाई. मशीन गरम झाली हाय."

ही मशीन म्हणजे कानाची मशीन. सिगारेटच्या पाकिटाएवढी एक डबी सदऱ्याच्या खिशात, तिच्यातून निघालेली वायर गळ्यावरून वर चढत जाऊन उजव्या कानात, आणि कानात एक गोल बटण. त्या काळी कामरगावात रेडिओसुद्धा मोजक्या घरांत होते. कानातून वायर निघालेला माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. पहिल्या आठवड्यात तर शेजारच्या इंझोरीहून दोघं जण केवळ बघायला आले होते. काकांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि मशीन बंदच ठेवली. "पाहाले आले ना? पाहा. आयकाचं काय काम?"

मी तेव्हा कामरगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. माहेर रिसोडचं, नोकरी इथली, आणि राहायला फिटरकाकांच्या शेजारची खोली. मधे एक कुडाची भिंत. काकांच्या घरात काय चाललंय हे कळायला मला कधी कान द्यावा लागला नाही. उलट न ऐकायचं म्हटलं असतं तर कानात बोळे घालावे लागले असते.

त्यांचं खरं नाव उकंडराव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कारंज्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून काढली. सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या रांगेत उभं राहून राहून कान गेले. गेले तेही हळूहळू, एकेक आवाज घेऊन. आधी पाखरं गेली, मग कुजबुज गेली, मग बायको गेली. हे मी म्हणत नाही, काकाच म्हणत. "सगळ्यात शेवटी पंचफुला गेली. तिचा आवाजच तसा हाय."

पंचफुलामावशी म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, सावळी, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की वेशीवरच्या बकरीनं मान वळवावी. नवऱ्याला ऐकू जावं म्हणून त्या वर्षानुवर्षं ओरडूनच बोलत आलेल्या. आज भाजी कशाची, सून माहेरी का गेली, काकांचं धोतर कुठे वाळत घातलंय, सगळं गल्लीला तोंडपाठ. जिथे ओरडून भागत नसे तिथे हाताच्या खुणा. सरपंचासाठी मिशीला पीळ, माझ्यासाठी दंडावर इंजेक्शनची सुई, जावयासाठी मात्र नुसताच एक सुस्कारा.

त्यांचा मुलगा मिलिंद रेल्वेत होता, भुसावळला. बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे बरे झाले होते. तेव्हा दिवाळीत तो घरी आला तो ही मशीन घेऊनच. मुंबईच्या डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा खेपा घालून त्यानं ती मिळवली होती. त्यानं बापाच्या कानात बटण बसवलं, डबीवरची चकरी फिरवली आणि सगळं घर श्वास रोखून बघत राहिलं.

काका थोडा वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "ह्याच्यासाठी येवढी धावपय केली काय बाप्पा? कावळेच वरडून राह्यले."

पुढचे काही दिवस ते रोज नवी तक्रार घेऊन माझ्याकडे येत. चपलेला आवाज असतो हे त्यांना सोसेना. "मी चालतो तं वाटते मांगून कोनी येऊन राह्यलं." पापड खाणं त्यांनी सोडून दिलं. "पापड फोडला का वाटते भित पडली." आणि बायको! "बाई, तिले सांगा ना, हळू बोल मना. कानात फटाका फुटते."

मावशींना सांगितलं, तर त्या ओरडून म्हणाल्या, "आता कसं हळू बोलू वं बाई? येवढ्या वर्साची सवय काय कुंकवावानी पुसाची असते?"

पण तक्रार आवाजाची, मशीनची नव्हे. मशीनवर त्यांचा जीव जडला. यंत्र म्हटलं की फिटरचा हात शिवशिवणारच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "बाई, हिले ग्रीस कुठी लावाचं?" मी म्हटलं, काका, हिला ग्रीस-ऑइल काही लागत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. तेलाशिवाय चालणारं यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच, त्या चकरीत सोडला. दुसऱ्या दिवशी कोणीही काहीही बोललं तरी काकांना कढईत भजी तळल्यासारखं ऐकू येऊ लागलं. दुपारपर्यंत त्यांना इतकी भूक लागली की मावशींना खरोखरच भजी करावी लागली. ते तेल मी कापसानं टिपून टिपून काढलं. मी टिपत होते तेव्हा काका ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे दारात उभे होते.

त्यानंतर त्यांनी माझं ऐकलं ते इतकं ऐकलं की मलाच पश्चात्ताप व्हावा. बटण रोज पुसायचं म्हटलं, तर ते सकाळी, दुपारी आणि कोणी नावडतं माणूस बोलायला लागलं की पुसू लागले. कानात मळ साचू देऊ नका म्हटलं, तर उठसूट दवाखान्यात हजर. "बाई, कानाची ओवरहालिंग करून द्या." बाहेर बाळंतिणी ताटकळताहेत आणि हे डोकं तिरपं करून बसलेले.

मशीनला ओल लागू देऊ नका, असंही मीच सांगितलं होतं. पावसाळ्यात त्यांनी यावर स्वतःची युक्ती काढली. डब्यात कोरडे तांदूळ भरायचे आणि झोपताना मशीन त्यात पुरून ठेवायची. तांदूळ ओल ओढून घेतात, म्हणाले. युक्ती चांगली होती. तांदूळ जुने होते.

एका सकाळी काका धावतच दवाखान्यात आले. डोळे मोठे झालेले. "बाई! माह्या कानात घोडे पयून राह्यले!"

"घोडे?"

"घोडे! आधी एक होता. आता टांगाच निंघाला."

मी कान तपासला. कान स्वच्छ. मग मशीन घेतली. आवाज आत शिरायला डबीला समोरून बारीक छिद्रांची जाळी होती. ती खोलून बघितली तर आत तांदळातला एक सोंडा मोठ्या ऐटीत इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. मी चिमट्यानं त्याला बाहेर काढून काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"येवढासा किडा," ते आदरानं म्हणाले, "आन चाल पाहा!"

गावाला मात्र या मशीनपायी एक नवाच त्रास सुरू झाला. फिटरकाका कोणासाठी मशीन सुरू करतात यावरून माणसाची किंमत ठरू लागली. गुराखी किसनासाठी मशीन सुरू होई, कारण तो रोज रानातल्या गोष्टी सांगे. माझ्यासाठी होई. शाळेतल्या पोरीबाळी येऊन कविता म्हणून दाखवत, तेव्हा तर चकरी पूर्ण वर जाई. पण विम्याच्या एजंटासाठी ती सदैव गरम झालेली असे, आणि सरपंचांचं तर विचारूच नका.

सरपंच चांगले पन्नास-साठ एकरांचे धनी, माणूस तसा वाईट नव्हता, फक्त थांबत नसे. एकदा ओट्यावर येऊन त्यांनी नळयोजना समजावून सांगायला सुरुवात केली. काकांनी दोन वाक्यं ऐकली. मग सगळ्यांच्या देखत खिशात बोट घातलं. टक्!

सरपंच थबकले. "फिटर, बंद केली काय?"

काकांनी ओठांवरून ओळखलं असावं. "तुमी बोला ना. मी कोठी उठून चाललो? बसलोच हाव."

आणि ती सभा! निवडणुकीच्या आधी अकोल्याहून एक पुढारी आले होते. काका पहिल्या रांगेत. भाषण रंगलं तसं काकांनी कंटाळून कानातलं बटण काढलं आणि खिशात टाकलं. डबी बंद करायची राहिली. आता या मशीनचा एक गुण असा, की ती चालू असताना बटण डबीच्या जवळ गेलं की शिट्टी मारते. पुढारी म्हणाले, "या गावाचा रस्ता मी पक्का करून देईन," आणि पहिल्या रांगेतून लांबलचक शिट्टी आली. पुढारी थांबले, रांगेवर नजर फिरवली, पुन्हा म्हणाले, "पक्का करून देईन!" पुन्हा शिट्टी. मागची पोरं फिदीफिदी हसू लागली. सरपंच लालबुंद झाले. सगळ्या सभेत एकटे फिटरकाकाच काय ते शांत, प्रसन्न चेहऱ्यानं बसलेले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं ना.

असे ते काका एक दिवस भर दुपारी, पेशंट गेल्यावर, दवाखान्यात आले. आले ते दार मागे लोटून घेऊनच. समोरच्या बाकावर बसले, बटण पुसलं, कानात घातलं, आणि हळू आवाजात बोलले. काकांना हळू बोलता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"बाई, एक इचारू? जिनिंगमधी काम न करता बी मानसाचे कान जातेत काय?"

"वयानं जातात ना काका. का हो?"

ते डबीवरची चकरी उगीचच मागे-पुढे करत राहिले. "काल मी मनलं, मीठ दे. तिनं पीठ आनलं. मले वाटलं गंमत करून राह्यली. मंग दारात म्हैस हंबरली. माहा इकडं कान फाटून राह्यला, आन हिनं मान बी नाई फिरवली."

"मावशींना घेऊन या. मी बघते, मग अकोल्याला दाखवू."

"नाई!" ते उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले. "तिले सांगू नोका. बाई, आजवर थेच माहे कान होती. कोन आलं, कोन गेलं, कोन काय मनलं, सगयं तिनंच मले खुना करकरून सांगतलं. मले कोनी भयऱ्या मनलं तं भांडाले थेच गेली. तिले मी कोन्या तोंडानं सांगू का तुले बी आयकू येत नाई?"

मी उठून दाराची कडी लावली.

"आन थे गाते ना," ते म्हणाले.

ते खरं होतं. विहारात बायकांची गाणी मावशी सांगत. दर पौर्णिमेला वंदना झाली की पहिला सूर त्यांचाच. त्यांनी ओळ उचलली की बाकीच्या जणींनी मागून धरायची, असं पहिल्यापासून चालत आलेलं.

"मांगच्या पौर्णिमेले तिचा सूर भलतीकडंच गेला. पोरी हासल्या. मले मशीनमधून थे हासनं आयकू आलं, बाई." त्यांनी धोतराच्या सोग्यानं बटण पुसलं. पुसायला त्यावर काही नव्हतं. "तिले नाई आलं. थे बरं झालं."

"मिलिंदला दुसरी मशीन आणायला सांगा मग."

"कोनासाठी मनून सांगू? थो आईले इचारन. मंग झालं." डबी खिशात नीट बसवत ते म्हणाले, "तुमी संध्याकायी घरी या. बाकी मी पायतो."

संध्याकाळी मी गेले. मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. काकांनी मशीन हातात घेऊन कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"मशीन बिघडली," ते मावशींना ऐकू जाईल असं ओरडले. "टेस्टिंग करा लागते. तू लाव."

"मी कायले लावू? मी काय भयरी हाव?"

"मनूनच! टेस्टिंग चांगल्या कानावर करा लागते. भयऱ्या कानाले काय समजते मशीन बरोबर हाय का नाई थे?"

मावशींनी पीठ लागलेल्या मनगटानं कानावरचा पदर मागे सारला. मशीनसोबत लहान-मोठ्या रबरी टोप्या आल्या होत्या. त्यातली सगळ्यात लहान मी बटणाला बसवली, मावशींच्या कानात घातली आणि चकरी अगदी थोडी फिरवली.

मावशी भाकरी थापायला लागल्या आणि थांबल्या. मनगट हलवून बघितलं. पुन्हा हलवलं. त्या आपल्याच बांगड्या ऐकत होत्या. मग तव्यावरची भाकरी फुगून तिच्यातून वाफ सुटली, त्याकडे त्यांनी कान नेला. मी म्हटलं, "मावशी, भाकरी करपेल." त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी मऊ, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमचा आवाज असा हाय काय?"

मला त्यांच्या शेजारी येऊन दोन वर्षं झाली होती.

काका आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना आता काही ऐकू येत नव्हतं. "काय, बरोबर हाय काय मशीन?" ते ओरडले.

मावशी दचकल्या. कानावर हात नेत म्हणाल्या, "बरोबर हाय," आणि बटण काढून त्यांच्यापुढे धरलं.

"नाई," काका मान हलवत म्हणाले. "मले अजून खात्री नाई. उद्या पुन्हा लावजो."

आणि टेस्टिंग सुरू झालं. सकाळी काका मशीन पुसून, सेल घालून मावशींच्या हातात देत. दिवसभर ती मावशींच्या पदराआड. रोज संध्याकाळी ते विचारत, "काय वाटते?" आणि मावशींनी काहीही सांगितलं तरी गंभीरपणे म्हणत, "अजून थोडी गडबड हाय." गल्लीला मात्र चुकल्यासारखं झालं. मावशींचा आवाज खाली आल्यामुळे त्यांच्या घरी भाजी कशाची ते आता कोणालाच कळेना.

काका परत आपल्या जुन्या शांततेत गेले. लोकांना वाटलं, फिटर आता पारच माजला. मशीन कोणासाठीच सुरू करत नाही. किसना गुराखी हिरमुसून जाऊ लागला. त्याचं काकांना वाईट वाटे. एकदा त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि तो हातवारे करत सांगत होता ते निम्मंशिम्मं समजून घेत राहिले. सरपंच स्वतः मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले तेव्हा काकांनी नेहमीसारखं खिशावर हात ठेवला. खिसा रिकामा होता.

"आज तरी सुरू करा फिटर," सरपंच मोठ्यानं म्हणाले. "घरचं कार्य हाय."

मावशी आत होत्या. त्यांच्या पदराखाली मशीन चालू होती. काकांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "मशीन माही हाय. कोनासाठी सुरू कराची थे माह्या मर्जीवर."

सरपंच अक्षता ओट्यावर ठेवून निघून गेले. पुढे कितीतरी दिवस रस्त्यात भेटले तर मान फिरवत. मी काकांना म्हटलं, खुणेनंच, सांगून टाका ना खरं काय ते. काका म्हणाले, "मनू द्या मले माजलेला. त्याच्यानं काय कान जातेत काय?"

थंडीत एकदा मावशी माझ्या खोलीत कान साफ करून घ्यायला आल्या. बटण दुसऱ्या कानात होतं. मी काम करता करता सहज म्हटलं, "मावशी, मशीनचं टेस्टिंग काय म्हणतं?"

त्या गालातल्या गालात हसल्या. "बाई, टेस्टिंग कोनी इतके मयने घेते काय?"

मी हात थांबवला.

"मले काय समजत नाई? पयल्याच दिवशी समजलं. बांगडी वाजली तवाच समजलं, का आपल्याले कईपासून आयकू येऊन नाई राह्यलं." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "मी तवाच मशीन वापस देत होती. पन त्याचं तोंड पायलं. येवढं खोटं बोलतांनी त्याले किती कष्ट पडून राह्यले होते, बाई! त्याले वाटते मले मायीत नाई. वाटू द्या."

"पण मग त्यांचं काय? त्यांना ऐकू येत नाही ना."

"मी हाव ना," मावशी म्हणाल्या. "संध्याकायी सगयं सांगतो मी त्याले. कोन आलं, कोन काय मनलं. आता तं मले पयल्यापेक्षा जास्त आयकू येते. सांगाले बी जास्त असते."

मी त्यातलं एक अक्षर काकांना सांगितलं नाही, आणि काकांनी सांगितलेलं मावशींना सांगितलं नाही. नर्सच्या नोकरीत ही एक गोष्ट चांगली शिकायला मिळते.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहारात कार्यक्रम होता. दिवेलागण झाली होती. मी दाराशी बसले होते आणि काका माझ्या बाजूला भिंतीला टेकून. समोर बायकांच्या घोळक्यात मावशी पांढऱ्या लुगड्यात, पदर कानावरून पुढे ओढलेला. वंदना झाली. ढोलकीवाल्यानं हात गरम केले. मावशींनी डोळे मिटले, जराशा थांबल्या आणि सूर लावला.

तो बरोबर लागला. बाकीच्या जणींनी मागून ओळ धरली. कोणी हसलं नाही.

काका माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे माझ्या कानात कुजबुजले, "बाई! बरोबर गाऊन राह्यली ना?"

अख्ख्या विहारानं मागे वळून पाहिलं. मी मान हलवली. होय काका, बरोबर. पुन्हा पुन्हा हलवली. मावशींनी ओळ तोडली नाही. गाता गाताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

काकांचं समाधान झालं. ते भिंतीला टेकले, मावशींच्या ओठांकडे बघत राहिले, आणि मांडीवर हातानं ताल धरू लागले. तो साफ चुकत होता. गाणं पुढे पळत होतं आणि हात मागून रमतगमत येत होता.

मावशींची नजर त्या हातावर गेली. पुढच्या कडव्याला त्यांनी चाल थोडी संथ केली. ढोलकीवाल्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं, बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण मावशी सांगतील ते गाणं. ढोलकी हळू झाली, मागच्या जणी हळू झाल्या, आणि एक-दोन ओळींतच सगळं गाणं काकांच्या हाताशी येऊन मिळालं.